कसाऱ्याचा बँकर

नाशिककडे निघालेली एक्सप्रेस कसाऱ्याला थांबते. गाडीच्या शेपटाला दोन-तीन इंजिनं येऊन लागतात, डब्यांना एक हलका धक्का बसतो आणि गाडी घाटाला भिडते. मागून रेटणाऱ्या या इंजिनांना रेल्वेतली माणसं ‘बँकर’ म्हणतात. या थळ घाटातला प्रवास महाराष्ट्रातल्या सर्वात देखण्या रेल्वेप्रवासांपैकी एक आहे, असं मी मानतो. तो डोळे भरून पाहायला मिळतो, यात बँकरचा वाटा मोठा आहे.

कसारा ज्या तालुक्यात आहे, त्या शहापूर तालुक्यात रूळ टप्प्याटप्प्याने आले. 1855 मध्ये गाडी कल्याणहून वासिंदपर्यंत पोचली, 1860 मध्ये आसनगावला आणि 1 जानेवारी 1861 ला कसाऱ्याला. पुढची चार वर्षं ती तिथेच अडली. समोर सह्याद्रीची भिंत होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सुरुवातीच्या आराखड्यांत माळशेज घाटाचं नाव होतं. तो बेत टिकला असता तर गाड्या मुरबाडवरून धावल्या असत्या. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी घाटवाटांची पाहणी करून कौल दिला तो थळ आणि भोर घाटांना. ज्या मुरबाड तालुक्यातून नाणेघाटाची सातवाहनकालीन व्यापारी वाट वर चढते, तिथले लोक आजही रेल्वेची वाट पाहताहेत. एका पाहणीचा निकाल दीडशे वर्षांहून अधिक काळ माणसांच्या वाट्याला येतो, तो असा.

कसारा ते इगतपुरी हा घाट सुमारे सव्वानऊ मैलांचा. तेवढ्यात गाडी 972 फूट चढते. सर्वात कठीण चढ 37 फुटांना एक फूट. रस्त्यावरच्या वाहनाला त्याचं काही वाटणार नाही, पण गुळगुळीत रुळावर लोखंडी चाकाला तो फार जड जातो. मग इंजिन पुढेच का नाही वाढवायचं? कारण सगळी ओढ पुढून दिली तर पूर्ण गाडीचं वजन पहिल्या काही डब्यांच्या जोडांवर येतं आणि जोड तुटायची भीती असते. मागून रेटा दिला की तो ताण कमी होतो. शिवाय मध्येच एखादा जोड तुटलाच, तर सुटलेले डबे उताराला लागू नयेत म्हणून बँकर मागे उभा असतोच. चढावर रुतलेल्या बैलगाडीला चार गडी मागून खांदा देतात, तशीच ही रीत.

ही युक्ती आली विलायतेतून. इंग्लंडमधला लिकीचा चढ 1840 मध्ये सुरू झाला आणि तोही जवळजवळ इतकाच उभा, सुमारे पावणेअडतीस फुटांना एक फूट. तिथे मागून इंजिन लावायची पद्धत रुजली. 1848 मध्ये स्कॉटलंडमधल्या बीटॉकच्या लांबलचक चढावरही बँकर आले. डोंगर-पठारांतून जाणारा तो मार्ग आजही देखणा मानला जातो, पण चढाच्या बाबतीत त्याची आपल्या थळ घाटाशी बरोबरी नाही.

1 जानेवारी 1865 ला घाट खुला झाला. 13 बोगदे आणि पावणेदोनशे फुटांहून उंच असा एहेगावचा पूल. तेव्हा वाटेत एके ठिकाणी गाडीची दिशा उलटवावी लागे. पुढे मार्ग बदलून ती अडचण काढली. बर्कले मात्र हे पाहायला उरले नव्हते, ते 1862 मध्येच वारले. पटकी, ताप आणि सुरुंगांच्या अपघातांत कित्येक मजूर गेले. बर्कल्यांचं नाव इतिहासात राहिलं, या मजुरांची नावं राहिली नाहीत. आपण खिडकीतून बघतो तो कातळ त्यांनी फोडलेला आहे, हे विसरू नये.

1930 च्या सुमारास घाटात वीज आली आणि स्वित्झर्लंडमध्ये घडलेल्या आराखड्याची लांब नाकाची विद्युत इंजिनं धावू लागली. कामगारांनी त्यांचं नाव ठेवलं ‘खेकडा’. मला हे नाव फार आवडतं. परदेशी यंत्राला पावसाळ्यातल्या ओढ्याकाठचं नाव मिळालं.

गाडी सावकाश चढते म्हणूनच पावसाळ्यात कड्यांवरून कोसळणारे धबधबे, कारवीची रानं आणि ढगांत बुडालेली दरी नजरेत मावते. त्याआधी आसनगाव-आटगावच्या दरम्यान माहुलीचे सुळके दिसतात, तेही चुकवू नयेत.

आता बदल सुरू झाला आहे. 2019 पासूनच्या मुंबई-दिल्ली राजधानीला पुढे-मागे कायमची इंजिनं असतात. 2023 मध्ये सुरू झालेली शिर्डीची वंदे भारत बँकरशिवायच घाट चढते. वेळ वाचतो आणि त्यात वाईट काहीच नाही. पण घाट पाहायचा असेल तर श्रावणात, दिवसाउजेडी, बँकर लागणारी गाडी निवडा. खिडकीची जागा धरा, दारात उभे राहू नका. आणि हे फार लांबणीवर टाकू नका, कारण अशा गाड्या पुढे कमीच होत जाणार.