निकाराग्वाची जुनी उतारवाट

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता पसरली, तेव्हा बैलगाड्यांनी अमेरिकेचा अफाट मुलूख तुडवावा की हॉर्न भूशिराला जहाजाने वळसा घालावा, या पेचात पडलेल्या न्यूयॉर्ककरांच्या लेखी निकाराग्वा हा देश नसून दोन महासागरांमधली एक अडचण होती. आणि तेथील प्रवासव्यवस्था पुढे याच दृष्टीने घडली. आगबोटींचा मातबर मालक कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट याने तेथील सरकारची सनद मिळवून १८५१ साली हा मार्ग चालू केला. सनदेच्या मोबदल्यात त्याच्या कंपनीने सालीना दहा हजार डॉलर आणि शिवाय निव्वळ नफ्याचा दशांश द्यावयाचा होता. परंतु कंपनीच्या दफ्तरात नफा म्हणून कधी दिसलाच नाही.

अटलांटिककाठच्या सान हुआन देल नोर्ते बंदरी, ज्यास इंग्रज ग्रेटाउन म्हणत, उतरलेले उतारू उथळ पाण्यात चालणाऱ्या लहान आगबोटींनी सान हुआन नदी चढत. एल कास्तियोपाशी मात्र नदीचा खळाळ असा दांडगा की, सर्वांनी पायउतार व्हावे, काठाकाठाने चालत जावे आणि वरच्या अंगाला उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीत जागा धरावी, याखेरीज गत्यंतर नसे. याच खळाळाच्या भरवशावर स्पॅनिशांनी सतराव्या शतकात शेजारच्या टेकडीवर किल्ला बांधला होता, कारण ग्रानाडा शहर लुटावयास निघालेल्या चाच्यांना नदीतच गाठावयाचे होते. १७६२ मध्ये किल्लेदार निवर्तल्यावर त्याची एकोणीस वर्षांची कन्या राफाएला एरेरा हिने तोफा डागून इंग्रजांना परतविले. १७८० मध्ये इंग्रज नौदलातील नेल्सनच्या सहभागाने किल्ला पडला खरा, पण जेत्यांची ज्वराने अशी दैना केली की, त्यांना तो लवकरच सोडावा लागला. आज ही नदी जेथून निघते त्या सरोवराच्या टोकाच्या सान कार्लोसहून लाँचने येणाऱ्या प्रवाशाने येथे निदान एक रात्र काढावी, असे माझे मत आहे. जुन्या उतारूंना तेवढी सवड नव्हती.

पुढे विस्तीर्ण सरोवर, त्यातील ओमेतेपे बेटाची दोन ज्वालामुखी शिखरे, मग ला व्हिर्हेनहून पॅसिफिककाठच्या सान हुआन देल सुरपर्यंत खेचरांवरून बारा मैल. १८६६ च्या अखेरीस मार्क ट्वेन याच वाटेने उलट दिशेला गेला.

१८५५ साली विल्यम वॉकर हा अमेरिकन पुंड भाडोत्री शिपाई घेऊन आला, पुढच्या वर्षी थकलेल्या दशांशाचे निमित्त पुढे करून त्याने कंपनीची सनद रद्द व मालमत्ता जप्त केली, आणि मग तो स्वतःला राष्ट्राध्यक्ष म्हणवू लागला. व्हँडरबिल्टने कोस्टारिकाच्या फौजेस हाताशी धरून नदीवरील बोटी काबीज करविल्या, तेव्हा वॉकरची रसद तुटली. १८५७ मध्ये तो शरण गेला. वाट पुढे अधूनमधून चालली, पण पनामाचा लोहमार्ग १८५५ पासूनच धावत होता, ग्रेटाउनचे बंदर गाळाने भरत चालले होते, आणि १८६९ मध्ये अमेरिकेचा आरपार लोहमार्ग पुरा झाल्यावर कॅलिफोर्नियास जाणाऱ्याला या नदीची गरजच उरली नाही.