स्मार्टवॉचवरचं बीपी किती खरं? हाय बीपी आणि ते मोजणारं तंत्रज्ञान

दीड-दोन हजारांच्या स्मार्टवॉचच्या जाहिरातीत हल्ली एक ओळ हमखास असते: हार्ट रेट, ऑक्सिजन, बीपी, सगळं मनगटावर. बरेच जण असं घड्याळ हौसेने घेतात आणि आई-बाबांच्या हाताला बांधतात. इथपर्यंत ठीक. पण घड्याळात रोज १२०/८० दिसतंय म्हणून बाबांनी बीपीची गोळी परस्पर बंद केली, तर ते महागात पडू शकतं. म्हणून हा आकडा नेमका येतो कुठून, ते बघूया.

बीपीचे दोन आकडे म्हणजे काय?

हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल असताना जो दाब उरतो तो खालचा. एकक आहे मिलिमीटर पारा, कारण हे सगळं सुरू झालं पाऱ्याच्या नळीपासून. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर आपल्याकडचे डॉक्टर साधारणपणे त्याला हाय बीपी म्हणतात. घरी मोजताना ही रेषा थोडी खाली, १३५/८५ ला धरतात, कारण डॉक्टरांसमोर अनेकांचं बीपी आपोआप वाढतं.

खरी अडचण अशी की हाय बीपी दुखत नाही. डोकं दुखलं की बीपी वाढलं, आणि नाही दुखलं की नॉर्मल, हा समज चुकीचा आहे. वर्षानुवर्षं काहीही जाणवत नाही आणि आतल्या आत हृदय, मेंदू, किडनी आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्या खराब होत राहतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना हाय बीपी आढळलं. म्हणजे तिघांत एक. हा आजार फक्त आजोबांचा, असं समजू नका. आमच्या टीममधल्या एकाला २९ व्या वर्षी इन्शुरन्सच्या तपासणीत कळलं. त्याआधी त्याने कधी मोजलंच नव्हतं.

दंडाचं मशीन कसं चालतं?

दंडाला बांधतात तो पट्टा म्हणजे कफ (खोकल्यातला नव्हे). मशीन त्यात हवा भरून धमनी काही क्षण पूर्ण दाबून टाकतं आणि मग हवा हळूहळू सोडतं. रक्त पुन्हा वाहायला लागलं की प्रत्येक ठोक्याबरोबर पट्ट्यातल्या हवेत बारीक कंप उमटतात. हे कंप जिथे सर्वांत मोठे, तो सरासरी दाब. त्यावरून वरचा आणि खालचा आकडा कंपनीचा अल्गोरिदम काढतो. थोडक्यात, डिजिटल मशीनसुद्धा थोडा हिशेब करतंच, पण प्रत्यक्ष दाब देऊन केलेला. चांगल्या मशीनची चाचणी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे माणसांवर घेतलेली असते आणि त्यात सरासरी चूक ५ मिलिमीटरच्या आत लागते. खरेदीआधी तुमचं मॉडेल ‘स्ट्राइड बीपी’च्या वेबसाइटवरच्या यादीत आहे का, ते बघून घ्या.

आणि घड्याळ?

घड्याळाच्या पाठीमागे हिरवे एलईडी लुकलुकतात ते पाहिलेत ना? हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोक्याबरोबर कातडीखाली रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि सेन्सर तेवढंच मोजतो. ठोके मोजायला हे उत्तम. पण प्रकाशाला दाब कळत नाही. लाटेच्या आकारावरून दाबाचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो माणसागणिक बदलतो. म्हणूनच सॅमसंगची बीपी मोजणारी घड्याळं दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावी लागतात. अॅपलने २०२५ मध्ये आणलेलं फीचर तर आकडा देतच नाही. ३० दिवसांचा डेटा बघून ‘हाय बीपीची शक्यता दिसते, तपासून घ्या’ एवढंच सांगतं. ज्यांचं निदान आधीच झालंय त्यांच्यासाठी ते नाहीच. मग जुळवणी न मागता बीपीचा नेमका आकडा दाखवणाऱ्या दीड हजारांच्या घड्याळावर किती विश्वास ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा. मनगटाच्या पट्ट्यातच हवा भरणारी घड्याळंही मिळतात, पण ती वेगळी जात आणि वेगळी किंमत.

फोनच्या अॅपचा किस्सा तर याहून बोलका आहे. अमेरिकेत ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचं अॅप जोरात खपत होतं. फोन छातीला टेकवा, बोट कॅमेऱ्यावर ठेवा, बीपी तयार. २०१६ मध्ये संशोधकांनी ते तपासलं तेव्हा बीपी खरोखर हाय असलेल्या जवळपास पाचपैकी चौघांना अॅप सगळं ठीक असल्याचं सांगत होतं. त्याच वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली. शुगरचंही तेच. सुई न टोचता शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

घरी नीट मोजायचं कसं?

चांगलं मशीनसुद्धा चुकीच्या बसण्याने फसतं. हात हृदयाच्या पातळीला हवा. तो १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर आकडा साधारण ८ ने वाढतो. अकरावीतलं द्रवाच्या दाबाचं सूत्र आठवा. पट्टा दंडाला लहान पडला तरीही आकडा जास्त येतो. अर्धा तास आधी चहा, कॉफी, सिगारेट नको. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नको आणि बोलणंही नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह फोनमध्ये लिहून ठेवा. डॉक्टरांना आठवडाभराची अशी नोंद एकुलत्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. मात्र १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं किंवा एका बाजूला अशक्तपणा असेल तर पुन्हा मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

वाढू नये म्हणून

वजन, व्यायाम, तंबाखू आणि दारू यांबद्दल तुम्ही ऐकलेलंच असतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. १०,००० पावलांचा आकडा मात्र १९६५ च्या एका जपानी पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलाय, वैद्यकशास्त्रातून नव्हे. तेव्हा ७,००० झाली म्हणून खट्टू होऊ नका.

मिठाकडे मात्र नीट लक्ष द्या. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स सगळं आलं. पाकिटावर मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. सैंधव हेही शेवटी मीठच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

जाता जाता एक चांगलं अॅप. सरकारी दवाखान्यांतल्या बीपीच्या रुग्णांची नोंद ठेवायला ‘सिंपल’ नावाचं ओपन सोर्स अॅप आहे आणि ते महाराष्ट्रातही वापरलं गेलंय. रुग्णाला क्यूआर कोडचं कार्ड मिळतं, नर्स ते स्कॅन करून दंडाच्या मशीनवरचा आकडा टाकते, आणि नेटवर्क नसलं तरी काम अडत नाही. तारखेला न आलेल्यांची यादीही त्यात दिसते, म्हणजे फोन करून बोलावता येतं. त्याचा कोड गिटहबवर उघडा आहे, अँड्रॉइड शिकत असाल तर वाचून बघा.