तारपा आणि लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स

तारपा हे पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या तालुक्यांत वारली व इतर आदिवासी समाजांत वाजवले जाणारे सुषिर वाद्य. त्याचा नाद वाजत असतानाच मायक्रोफोन, संगणक किंवा सिंथेसायझरमधून बदलत नेऊन केलेल्या संगीतरचनेचा विचार या नोंदीत आहे.

वाळलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा, अशी त्याची घडण. नळ्यांतील पातळ जिभा भोपळ्यातल्या हवेने थरथरतात. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. भातकापणीच्या सुमारास सुरू होणारा तारपा नाच या अखंड सुरावरच चालतो. वादक मधोमध, भोवती स्त्री-पुरुषांचा वेटोळे घेणारा फेर, आणि चाल बदलली की पावले बदलतात. डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे (पद्मश्री, 2011) यांच्या चित्रांमुळे हे वेटोळे जगभर पोचले. त्यातला आवाज मात्र मागेच राहिला.

वाद्याचा नाद वाजतानाच यंत्राने बदलायचा, हे तंत्र पाश्चात्त्य संगीतात रुळलेले आहे. बासरी आणि लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्ससाठी फिलिप मानुरी यांनी केलेली ‘ज्युपिटर’ (1987) ही रचना त्याचा ठळक दाखला. त्यात संगणक वादकाच्या मागोमाग चालतो. भारतात डेव्हिड ट्यूडर यांनी 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील स्टुडिओत मूग सिंथेसायझर उभारला. पण त्या स्टुडिओतले यंत्र आणि पालघर पट्ट्यातला तारप्याचा भोपळा यांचा मेळ घालणे हे पुढच्या रचनाकारांचे काम.

ते काम बासरीपेक्षा अवघड आहे. दोन नळ्या एकदम वाजत असल्याने एकच सूर ओळखू पाहणारी संगणकप्रणाली गोंधळते. सूर अखंड असल्याने प्रतिध्वनी वाढवला की नुसता गदारोळ होतो. वाद्याच्या सुरांत मोकळी जागा नसते, ती रचनाकाराला यंत्र गप्प ठेवूनच मिळवावी लागते. मेण, बांबू आणि भोपळा यांवर प्रत्येक तारप्याची पट्टी ठरते, म्हणून सिंथेसायझर तारप्याला लावावा, उलटे करू नये. वादकाचे दोन्ही हात नळ्यांवर आणि पाय नाचात असतात. त्याला पेडल देणे म्हणजे नाच थांबवणे. यंत्र सांभाळायला दुसरा माणूस हवा, आणि त्याने फेरावर नजर ठेवावी. भोपळ्याला चिकटवलेला संपर्क-मायक्रोफोन आतला श्वास आणि जिभांची खरखर पकडतो, शिवाय उघड्या मैदानावर लाउडस्पीकरची कर्कश शिटीही कमी होते. कर्ण्यासमोर वेगळा माइक ठेवला तर दोन थर स्वतंत्रपणे हाताळता येतात. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते या संगीताची खरी श्रीमंती त्या आतल्या थरात आहे. कर्ण्यातून येणारा सूर कुणीही ऐकतो.

जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वादकाला असे नाव मिळत असताना हेही सांगायला हवे, की कीबोर्डच्या कळीवर चढवलेला तारप्याचा ध्वनिमुद्रित तुकडा लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्सच्या या प्रकारात मोडत नाही. त्यात वादकाचा श्वास नसतो आणि बहुधा त्याचे नावही नसते.