स्त्री-पुरुष तुलना

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध. १८८१ मध्ये सुरतेतील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे ती सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली, तेव्हा ताराबाईंनी लेखणी उचलली. स्त्रियांच्या माथी मारले जाणारे दुर्गुण पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा रोखठोक सवाल. विधुराने पुन्हा बोहल्यावर चढावे, विधवेने मात्र जन्मभर झुरावे, हा न्याय कोणता? सत्यशोधक वर्तुळातही हे पुस्तक अनेकांना रुचले नाही. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्याची बाजू घेतली. नंतर विस्मृतीत गेलेला हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणला. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही.