डार्विनच्या घरचं आजारपण

डिसेंबर 1831. प्लिमथच्या बंदरात ‘बीगल’ जहाज अनुकूल वाऱ्याची वाट पाहत अडकून पडलं होतं आणि 22 वर्षांचा चार्ल्स डार्विन आपल्या छातीतल्या धडधडीनं हैराण झाला होता. आपल्याला हृदयविकार जडलाय अशी त्याची खात्रीच झाली. डॉक्टरकडे मात्र तो गेला नाही, कारण डॉक्टरनं ‘प्रवास नको’ म्हटलं असतं तर? वडील नामांकित डॉक्टर, स्वतः एडिंबरात वैद्यकी अर्धवट शिकून सोडलेली. असं अर्धं ज्ञान भीतीला भरपूर खाद्य पुरवतं. ही हकिगत त्यानंच पुढे आत्मचरित्रात सांगितली आहे. जहाज सुटलं, जवळजवळ पाच वर्षं हिंडून परत आलं. हृदयाला काही झालं नाही.

29 जानेवारी 1839 रोजी लग्न झालं आणि या भीतीला वाटेकरीण मिळाली. एमा वेजवुड ही चार्ल्सची मामेबहीण, वयानं त्याच्याहून नऊ महिन्यांनी मोठी. (मामाची मुलगी करणं आपल्याकडे अनेक समाजांत रीतीचंच, तेव्हाच्या इंग्लंडलाही त्यात काही वावगं वाटत नसे.) मी शुश्रूषेला येईपर्यंत आता आजारी पडू नकोस, असं तिनं त्याला लग्नाआधीच लिहिलं होतं. वाक्य लाडाचं होतं, पण पुढची 43 वर्षं तिनं तेच काम केलं.

1842 च्या सप्टेंबरात हे कुटुंब लंडन सोडून केंटमधल्या डाउन गावी राहायला गेलं. ओकाऱ्या, पोटात गुबारा, धडधड, चक्कर, अंगावर पुरळ: डार्विनच्या तक्रारींची यादी मोठी होती. दक्षिण अमेरिकेत किडा चावून झालेला चागास रोग, दूध न पचणं, भीतीचे झटके, अशी निदानं अभ्यासक आजही करत असतात. ओकाऱ्या खोट्या नव्हत्या, एवढं नक्की. पण त्यांच्याभोवतीची धास्ती हा वेगळाच पाहुणा होता, आणि एमाला खरा संसार करावा लागला तो त्याच्याशी.

त्या धास्तीचं एक पत्र उपलब्ध आहे. जुलै 1844 मध्ये उत्क्रांतीवरचं टिपण लिहून होताच डार्विननं बायकोला लेखी सूचना दिली, की मी अचानक मेलो तर हे छापण्यासाठी 400 पौंड बाजूला काढ आणि एखादा जाणता संपादक शोध. तिचा देवावर गाढ विश्वास होता. या सिद्धान्तानं तिला यातना होत होत्या. तरी नवरा गेल्यावर तो जगापुढे आणायची जबाबदारी त्यानं तिच्याच पदरात टाकली.

1849 च्या मार्चमध्ये मुलाबाळांसह, नोकरचाकरांसह सगळं घर माल्व्हर्नला हललं. तिथे डॉ. गली पाण्याचे उपचार करत. गार पाण्यात भिजवलेल्या टॉवेलांनी अंग चोळणं, साखर-लोणी-मसाले बंद, वाचनालाही चाप. परतल्यावर डार्विननं घरच्या विहिरीजवळ पाण्याच्या धारेसाठी खास खोपटं बांधून घेतलं आणि तब्येतीची रोजनिशी सुरू केली. दिवस कसा गेला, रात्र कशी गेली, वायूचे झटके किती आले. बऱ्या दिवसापुढे दुहेरी रेघ. ही वही 1 जुलै 1849 पासून जानेवारी 1855 पर्यंत चालली. तेव्हा तो अभ्यासत असलेल्या, खेकड्यांच्या वर्गातल्या बार्नेकलचे कप्पे ज्या चिकाटीनं—

नाही, ही तुलना बार्नेकलवर अन्याय करणारी आहे.

त्याच काळात एमाची स्वतःची बाळंतपणं चालू होती. डिसेंबर 1839 ते डिसेंबर 1856 या 17 वर्षांत दहा. आणि घरातली ‘धडधाकट’ ती! लिओनार्डच्या जन्माच्या वेळी, जानेवारी 1850 मध्ये, डॉक्टर पोहोचायच्या आत डार्विननं स्वतः तिला क्लोरोफॉर्म दिला. तरुणपणी शस्त्रक्रिया पाहून पळून गेलेल्या माणसाचा हात त्या दिवशी डळमळला नाही. दुसऱ्याच्या वेदनेपाशी त्याची भीती मागे सरत असावी.

पण 23 एप्रिल 1851 रोजी दहा वर्षांची ॲनी त्याच माल्व्हर्नमध्ये गेली. एमा दिवस भरत आल्यामुळे डाउनलाच अडकली होती. लेकीची खबर तिला नवऱ्याच्या पत्रांतूनच कळत होती. तेव्हापासून डार्विनच्या काळजीला नवं कारण मिळालं: आपला आजार आणि आतेमामे भावंडांचं लग्न, यांचं फळ पोरांना भोगावं लागतंय का? 1871 च्या जनगणनेत अशा लग्नांची नोंद व्हावी म्हणून त्यानं खटपट केली. पार्लमेंटनं ती सूचना फेटाळली. अखेर मुलगा जॉर्ज यानं 1875 मध्ये आकडे गोळा केले, आणि धोका वाटला होता त्याहून बराच कमी निघाला.

या सगळ्यात एमा करत काय होती? ती त्याच्याशी वाद घालत नसे, त्याला हसत नसे. तिनं दिवस आखून दिला होता: सकाळी थोडं काम, मग सोफ्यावर पडून तिच्या तोंडून कादंबरी, पुन्हा काम, फेरफटका, दुपारी पुन्हा कादंबरी. पाहुण्यांशी अर्धा तास बोललं तरी त्याची रात्र खराब जाई, म्हणून माणसंही मोजूनमापून. तो फारच थकला की ती त्याला सुट्टीवर न्यायची, आणि तो दिवस कमी करण्यासाठी घासाघीस करायचा. रात्री बॅकगॅमनचे दोन डाव. 1876 मध्ये त्यानं एका मित्राला हिशेब कळवला: एमा 2490 डाव जिंकली, मी 2795. तब्येतीची वही बंद झाली, तरी मोजणं सुटलं नव्हतं.

1848 मध्ये आपल्या वडिलांच्या घरून त्यानं तिला ‘मॅमी’ म्हणून हाक मारत लिहिलं होतं, की तुझ्या छायेत असलो की मला सुरक्षित वाटतं. इथे थांबून विचारावंसं वाटतं, की या मायेनं त्याला जगवलं की आजारी ठेवलं? दोन्ही केलं असावं. या घरात उत्क्रांतीवरचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक लिहून झालं, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

किंमत मुलांनी मोजली. नात ग्वेन रॅव्हरेट हिनं 1952 च्या ‘पीरियड पीस’मध्ये ती मिस्कीलपणे सांगितली आहे. आजोबा कायम आजारी, आणि ते मुलांचे दैवत. शिवाय आजीच्या हातून कौतुक करून घेण्यात इतकं सुख, की त्या घरात आजारी पडणं हा मानच होता. डार्विनची लेक हेन्रिएटा, म्हणजे ग्वेनची एटीआत्या, या बाबतीत सर्वांच्या पुढे. तेराव्या वर्षी, तापातून उठताना, डॉक्टरांनी काही दिवस अंथरुणातच नाश्ता करायला सांगितला; तिनं तो जन्मभर तसाच केला. 1871 मध्ये रिचर्ड लिचफील्डशी लग्न झाल्यावर तिला काळजी करायला आणखी एक शरीर मिळालं. पुढे थकवा येईल म्हणून ती आधीच विश्रांती घेऊन ठेवी. सर्दीची साथ असली की स्वयंपाकघरातल्या तारेच्या गाळणीत जंतुनाशक कापूस भरून ती नाकातोंडावर बांधायची आणि त्यातून पोकळ आवाजात राजकारणावर बोलत राहायची. समोरचे पाहुणे हसू दाबता दाबता बेजार व्हायचे.