शहाजोग हुंडीपासून महाजालावरील बाजारापर्यंत

उत्राण सोडले की अंकलेश्वरच्या दिशेने जाणारी सवारी गाडी पुढे कोसाडला थांबते. हे स्टेशन लहान असले तरी या मार्गाचे वय मात्र मोठे आहे. ‘बी. बी. सी. आय.’ या नावाने आपल्या आजोबा-पणजोबांना परिचित असलेल्या रेल्वे कंपनीचा अगदी पहिला टप्पा १८६० साली अंकलेश्वर ते उत्राण असा सुरू झाला. म्हणजे मुंबईहून सुरतेला थेट गाडी येऊ लागण्याच्या चार वर्षे आधीच कोसाडच्या शिवारातून इंजिनाचा धूर गेला होता.

माझे आजोबा ताप्ती व्हॅली रेल्वेने खानदेशातून सुरतेला आले आणि येथलेच झाले. घरात मराठी टिकली ती दोन गोष्टींमुळे. एक आजीच्या ओव्या आणि दुसरी पोस्टमनने आणलेली व्ही. पी. दिवाळी जवळ आली की मुंबई-पुण्याहून अंक येत. व्ही. पी. सोडवण्यासाठी आजी पैसे धान्याच्या डब्यात वेगळे काढून ठेवी. आजोबांचा एक दंडक असे : पैसे मोजण्यापूर्वी पाठविणाराचे नाव व गाव मोठ्याने वाचायचे. हा दंडक त्या वेळी मला म्हातारपणाचा हेका वाटे. त्याची किंमत मला साठी उलटल्यावर कळली. ती कशी, हे पुढे येईलच.

आज आपली नातवंडे ज्याला ‘ऑनलाइन’ म्हणतात, तो व्यवहार एकाएकी आकाशातून पडलेला नाही. दूरच्या, न पाहिलेल्या माणसाशी देवघेव कशी करावी, हा प्रश्न सुरतेला चारशे वर्षांपूर्वीच पडला होता आणि तिने त्याचे उत्तरही शोधले होते. ते उत्तर म्हणजे हुंडी. सतराव्या शतकात विरजी व्होरासारखा सावकार येथे बसून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला कर्ज देत होता, आणि सुरतेच्या पेढीवर लिहिलेला कागद आग्र्याला वटत होता. १६६४ साली शिवाजी महाराजांनी या शहराला जो हिसका दिला, त्यात याच व्होराच्या हवेलीची संपत्ती गेली. तरीही त्याची पेढी पुढे उभी राहिली. धन वाड्यात असते, पत मात्र बाजारात असते, याचे हे उदाहरण होय.

हुंडीची रचना पाहण्यासारखी आहे. रक्कम अक्षरी लिहून झाल्यावर तिचे निमे किती व त्याची दुप्पट किती, हेही लिहीत. हजार रुपयांच्या हुंडीत पाचशेचाही उल्लेख येई. कोणी एका आकड्यात फेरफार केला तर दुसरा आकडा चुगली करी. मूळ हुंडी वाटेत गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून देत, आणि तीही हरवली तर ‘परपेठ’. दर्शनी हुंडी दाखविताच वटे, मुदती हुंडीला दिवस लागत. यांतली ‘शाहजोग’ हुंडी सर्वांत सावध होती. तिचे पैसे कोणाही आगंतुकाला न देता बाजारात ज्याची ओळख आहे अशा शहालाच द्यायचे, ही तिची अट. भलत्याला पैसे दिले तर जोखीम देणाऱ्यावर येई. आपण मराठीत सज्जन माणसाला ‘शहाजोग’ म्हणतो आणि ढोंगी सज्जनतेला ‘शहाजोगपणा’ म्हणतो. ते शब्द याच पेढीवरून आपल्या ओसरीवर आले.

इंग्रजी अमलात या देवघेवीला नवे वाहन मिळाले. हिंदुस्थानात तारखाते १८५४ साली लोकांसाठी खुले झाले. १८७० साली मुंबईहून एडनमार्गे सुएझपर्यंत समुद्रतळातून तार गेली आणि कापसाचे भाव तासांत कळू लागले. १८७७ साली पोस्टाने व्हॅल्यू पेएबल, म्हणजे आपली व्ही. पी., सुरू केली आणि १८८० साली मनीऑर्डर हाती घेतली. व्ही. पी.मधील युक्ती साधी पण खोल आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखत नाही, गिऱ्हाईक दुकानदाराला ओळखत नाही, पण दोघेही पोस्टाला ओळखतात. मधल्या तिसऱ्याच्या विश्वासावर व्यवहार होतो. पुढे जे घडले, त्याचा गाभा याच युक्तीत आहे.

आता महाजालाकडे वळू. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील दोन संस्थांचे संगणक तारेने जोडून एकाने दुसऱ्याला संदेश धाडला. शब्द ‘लॉगिन’ असा पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्र बंद पडले. त्या जाळ्याचे नाव आर्पानेट. पुढे अशी अनेक जाळी झाली, परंतु प्रत्येकाची बोली निराळी होती. १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटने टीसीपी-आयपी नावाचे समान नियम स्वीकारले. जाळ्यांना जोडणारे जाळे म्हणजे इंटरनेट, ते या समान नियमांवर उभे आहे.

ते चालते कसे? समजा, तीनशे पानांचे पुस्तक सुरतेहून पुण्याला पाठवायचे आहे. महाजाल ते एका बासनात बांधत नाही. पुस्तकाची पाने सुटी करून प्रत्येक पान वेगळ्या पाकिटात घालते, प्रत्येकावर क्रमांक, पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता लिहिते आणि ज्या वाटेने जागा असेल त्या वाटेने सोडून देते. काही पाकिटे वडोदऱ्यावरून जातील, काही मुंबईवरून. पुण्याचा संगणक ती क्रमाने लावतो. एखादे पोहोचले नाही तर ते पुन्हा मागवून घेतो, म्हणजे ‘पेठ’ मागतो. प्रत्येक पाकिटावर आतल्या मजकुराचा एक पडताळा-अंकही असतो. त्यावरून वाटेत काही बिघडले असल्यास कळते. जुन्या मुनीमाला हे सारे ओळखीचे वाटले असते.

इंटरनेट आणि वेब हे एकच, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. इंटरनेट हा लोहमार्ग आहे, वेब ही त्यावरून धावणारी एक गाडी. ई-पत्र ही दुसरी गाडी आणि ती वेबच्या बरीच आधीची. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मांडली. एका पानातील शब्दावर कळ दाबली की जगातील दुसऱ्या संगणकावरचे पान उघडावे, एवढीच ती कल्पना. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही शुल्क न घेता सर्वांना वापरायला मोकळे केले. मार्गावर जकातनाका बसविला नाही, म्हणूनच एवढी वर्दळ झाली.

आपल्याकडे शिक्षणसंस्था आणि सरकारी कचेऱ्या यांची जाळी १९८० च्या दशकातच विणली जाऊ लागली होती. सामान्य नागरिकांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुले केले. चित्रांसह पाने दाखविणारी जोडणी घ्यायची तर वर्षाला सुमारे पंधरा हजार रुपये पडत, आणि गती अशी की एक छायाचित्र उमटेपर्यंत चहा निवून जावा. १९९८ साली खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली व दर उतरू लागले.

मराठीची अडचण वेगळी होती. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याबद्दल एकवाक्यता नव्हती. प्रत्येक टंकाचा हिशेब निराळा, त्यामुळे एकाने लिहिलेले मराठी दुसऱ्याच्या पडद्यावर चौकोन आणि चिन्हांचा बाजार होऊन उमटे. १९९१ साली युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला कायमचे आकडे मिळाले. ते संगणकांत रुळायला मात्र पुढची दहा-बारा वर्षे लागली. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. आज कोसाडमध्ये बसून एखादी मुलगी ‘ळ’ लिहिते आणि तो शिकागोतल्या तिच्या मावशीला ‘ळ’ म्हणूनच दिसतो, याचे श्रेय या नि:शब्द कामाला आहे.

माझा स्वत:चा या यंत्राशी संबंध आला तो महसूल खात्यात. गुजरातेत आजही मामलतदार आहे. महाराष्ट्राने त्याचा तहसीलदार केला, आपण जुना शब्द जपला. सातबाराही दोन्ही राज्यांचा सामाईक वारसा, कारण १९६० पर्यंत आपण एकाच मुंबई राज्यात होतो. २००४ च्या सुमारास ‘ई-धरा’ योजनेखाली हे उतारे संगणकावर आले. तलाठ्याच्या दप्तरातून उतारा मिळविण्यासाठी दहा फेऱ्या घालणारा शेतकरी खिडकीवर ठरलेले शुल्क भरून छापील कागद घेऊन जाऊ लागला. पुढे तर तो घरबसल्या पाहण्याची सोय झाली. त्या काळात एक वृद्ध खातेदार मला म्हणाले, “साहेब, कागद छान आहे, पण यावर सही कोणाची?” प्रश्न अडाण्याचा नव्हता. तो शाहजोग हुंडीचाच प्रश्न होता.

महाजालावरील व्यापाराचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने आपले दुकान उघडले ते पुस्तकांचे. २००७ साली बंगळुरात फ्लिपकार्ट सुरू झाले तेही पुस्तकांनीच. याला कारण आहे. पुस्तकाची एक प्रत दुसरीसारखीच असते, ती हात लावून पाहावी लागत नाही आणि वाटेत नासत नाही. भारतीय माणसाला संगणकावर पैसे भरण्याची सवय लावली ती मात्र रेल्वेने. २००२ साली तिकिटे महाजालावर मिळू लागली. तरी दुकानदाराला आधी पैसे द्यायला आपण कचरत होतो. तेव्हा २०१० मध्ये फ्लिपकार्टने ‘माल हाती आल्यावर पैसे’ ही सोय दिली आणि ती पाहता पाहता रूढ झाली. नीट पाहिले तर ही आपली व्ही. पी.च, फक्त पोस्टमनचा गणवेश बदललेला. २०१६ साली राष्ट्रीय भुगतान निगमने यूपीआय आणले आणि दर्शनी हुंडी प्रत्येकाच्या खिशात गेली.

सुरतेत या बदलाचे रूप डोळ्यांनी दिसते. पूर्वी साडीचा व्यवहार रिंग रोडवरच्या गादीवर बसून, पोत चिमटीत धरून होत असे. आज माझ्या शेजारची सून स्वयंपाक उरकून पलंगावर साडी पसरते, खिडकीच्या उजेडात भ्रमणध्वनीने छायाचित्र घेते आणि ती साडी तिने कधी न पाहिलेल्या गावी जाते. तिचा फायदा तिला ठाऊक आहे, तोटाही. पैसे नंतर द्यायचे असल्याने गिऱ्हाईक दारातूनच परत पाठविते, जाण्यायेण्याचा खर्च अंगावर पडतो, आणि कधी परतलेल्या पाकिटात भलतीच जुनी साडी निघते. न पाहिलेल्या माणसाची भीती दोन्ही बाजूंना असते, हे आपण गिऱ्हाईक म्हणून विसरतो.

आता माझी गोष्ट. २०२२ च्या दिवाळीआधी मी काही मराठी पुस्तके महाजालावरून मागविली. ती वेळेवर आली नाहीत. दुकानाचा दूरध्वनी क्रमांक मी शोधयंत्रात पाहिला आणि जो पहिला दिसला तो फिरविला. पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलला, ‘सर, पैसे परत करतो’ म्हणाला, आणि ते मिळविण्यासाठी मला माझा गुप्त अंक घालायला सांगितला. मी घातला. अठरा हजार चारशे रुपये गेले. क्रमांक त्या दुकानाचा नव्हताच. पुस्तके तिसऱ्या दिवशी सुखरूप आली, ती गोष्ट वेगळी.

पैशाहून मला लागले ते दुसरेच. तीस वर्षे लोकांच्या सह्या व शिक्के तपासण्यात गेलेला मी अधिकारी, ही गोष्ट बायकोखेरीज कोणाला सांगू शकलो नाही. पोलिसांचा १९३० हा क्रमांक अशा वेळी तत्काळ फिरवावा, म्हणजे रक्कम मध्येच थोपविण्याची शक्यता असते, हे मला माहीत होते. लाजेपोटी मी दोन दिवस दवडले आणि तेवढ्यात पैसे पुढे निघून गेले. नंतर मंडळाच्या एका बैठकीत धीर करून बोललो, तर आणखी तिघे हळूच म्हणाले, “आमचेही गेले.” तिघेही शिकलेले, आणि तिघेही आजवर गप्प.

म्हणून हा इतिहास लिहिण्याचा खटाटोप. यंत्रे नवी आहेत, पण जुन्या पेढीचे तीन नियम त्यांना तंतोतंत लागू पडतात. पहिला, हुंडी लिहून देणारा सही करतो. गुप्त अंक ही आपली सही आहे, ती पैसे देताना लागते, पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. दुसरा, समोरचा शाह आहे की केवळ शहाजोग, हे आपण शोधावे. २०२० च्या ग्राहक नियमांप्रमाणे महाजालावरील दुकानाने विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव दाखविणे बंधनकारक आहे. तो क्रमांक दुकानाच्या स्वत:च्या पानावरूनच घ्यावा. तिसरा, हुंडी हरवली तर त्याच दिवशी पेढीवर सांगावे.

या भयाने महाजालाकडे पाठ फिरवावी, असे मात्र मला वाटत नाही. आपण सुरतेची मराठी माणसे महाराष्ट्रापासून एका रात्रीच्या अंतरावर राहिलो आणि पुस्तकांपासून मात्र वर्षानुवर्षे दूर राहिलो. जी पुस्तके आजोबांना नावाने माहीत होती पण कधी हाती लागली नाहीत, ती मी कोसाडला बसून मागवितो. परवा नातीने तिच्यासाठी एक मराठी गोष्टींचे पुस्तक मागविले. पैसे देण्यापूर्वी मी तिला थांबविले आणि पडद्यावरचे विक्रेत्याचे नाव व गाव मोठ्याने वाचायला लावले. तिने वाचले, आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला माझेच लहानपण आठवले.