पंचाहत्तरची दहावी

आजचा भाग एका रेकॉर्डिंगपासून सुरू करते. माझ्याच फोनवर केलेलं आहे, त्यामुळे आवाज फार चांगला नाही. आधी पंख्याची घरघर, मग खुर्च्या सरकल्याचा आवाज, आणि मग पासष्टीतले एक काका खणखणीत आवाजात हजेरी घ्यायला लागतात. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या खाणारी माणसं उभी राहून ओरडतात, "हजर, सर!"

हे काका सर नाहीत बरं का. ते वर्गाचे मॉनिटर होते. खरे सर पहिल्या रांगेत बसले होते, शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन, आणि त्यांना फार ऐकू येत नव्हतं.

तर हा होता माझ्या आजीच्या वर्गाचा मेळावा. २०२५ मध्ये त्यांच्या दहावीला ५० वर्षं झाली. गाव सांगली आणि सोलापूरच्या सीमेवरचं, दुष्काळी पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी भांडणं येणार आहेत. मी आजीची ड्रायव्हर म्हणून गेले होते. दोन तास बसून निघू म्हटलं होतं, संध्याकाळी सात वाजता निघालो.

हजेरीत आजीचं नाव आलं तेव्हा ती गप्पच बसली. शेजारणीनं कोपर मारलं तेव्हा कुठे दचकून "हजर" म्हणाली. कारण पुकारलेलं नाव तिच्या माहेरचं होतं. लग्नात आडनाव तर बदललंच, तांदळाच्या ताटात पहिलं नावही बदललं. ते जुनं नाव चारचौघांत मोठ्यानं पुकारलेलं तिनं किती वर्षांनी ऐकलं असेल, हिशोब करा.

आता तुम्ही म्हणाल, असे मेळावे गल्लोगल्ली होतात, फ्लेक्स लागतात, त्यात इतिहास कुठे आला? सांगते. ही 'पंचाहत्तरची बॅच' महाराष्ट्रात एकदाच झाली.

आपण "दहावी" हा शब्द असा वापरतो जणू तो कायमच होता. तसं नाहीये. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याची प्रवेश परीक्षा म्हणजे 'मॅट्रिक'. पुढे १९४९ पासून तिची जागा एसएससीनं घेतली, पण लोक आणखी कित्येक वर्षं तिला मॅट्रिकच म्हणत राहिले. आणि ही एसएससी होती अकरावीला. शाळेची शेवटची इयत्ता अकरावी. तुमचे पणजोबा "जुनी अकरावी पास" असतील, तर ते हे.

मग आला कोठारी आयोग, १९६४ ते ६६. त्यांनी म्हटलं, देशभर एकच साचा करा: १० वर्षं शाळा, २ वर्षं उच्च माध्यमिक, ३ वर्षं पदवी. तोच हा 'टेन प्लस टू प्लस थ्री'. महाराष्ट्रात या नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली मार्च १९७५ ला. आणि त्याच हंगामात जुन्या अकरावीची शेवटची तुकडीही परीक्षेला बसली. म्हणजे एकाच वर्षी दोन इयत्तांची एसएससी! थोरल्याचं आणि धाकटीचं लग्न एकाच मांडवात उरकावं, तसं.

आजीच्या घरी हे अक्षरशः घडलं. तिचा थोरला भाऊ जुन्या अकरावीला, ती नव्या दहावीला. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा दोघांचे नंबर पेपरात होते. तेव्हा निकाल म्हणजे पेपरात छापलेले बारीक बारीक आकडे, आणि गावात पेपर यायचा एसटीनं. तिच्या वडिलांनी आधी मुलाचा नंबर शोधला. सापडल्यावर पेपर घडी घालून ठेवला. आजीनं तो रात्री कंदिलाशी नेऊन स्वतःचा नंबर स्वतः शोधला. हे ती हसत सांगते. मला अजून नीट हसू येत नाही.

मेळाव्यात पहिला वाद यावरूनच झाला. जुन्या अकरावीवाले दोघं-तिघं पाहुणे म्हणून आले होते. त्यांचं म्हणणं, खरी एसएससी आमची, तुम्ही एक वर्ष कमी शिकून तेच सर्टिफिकेट घेतलंत. दहावीवाले म्हणाले, तुम्हाला अवघड गणिताला बगल देऊन दुसरे विषय घ्यायची सोय होती, आम्हाला गणित आणि विज्ञान सक्तीचं झालं. ५० वर्षांनी हे भांडण! आणि दोन्ही बाजू बरोबर आहेत, ही गंमत.

पण खरी मेख पुढे आहे. पदवीपर्यंतची वर्षं दोन्ही पद्धतीत सारखीच होती, आधी ११ अधिक ४, नंतर १० अधिक २ अधिक ३. कागदावर काहीच बदललं नाही. गावात मात्र बदललं. जुनी अकरावी गावच्याच शाळेत होत होती. नवी अकरावी गेली 'ज्युनिअर कॉलेज'मध्ये. काही हायस्कुलांना हे वर्ग लगेच जोडले गेले, काहींना नाही. आजीच्या गावात ते यायला बरीच वर्षं लागली. म्हणजे तिच्या भावाला घरी राहून ११ वर्षं शिकता आलं, आणि तिला १०. पुढचं शिकायचं तर रोज एसटीनं जा किंवा परगावी खोली घेऊन राहा. १९७५ साली सोळा वर्षांच्या मुलीला कोण पाठवणार? मुलग्यांना पाठवलं. तिला नाही. इतक्या मोठ्या सुधारणेत कुणाचं तरी एक वर्ष असं गळून पडतं, आणि त्याची नोंद आयोगाच्या अहवालात नसते.

हे माझं मत झालं. आजीचं मत विचाराल तर ती म्हणते, "अकरावी असती तरी बाबांनी बसवली असती का कुणास ठाऊक."

आता जरा मागे जाऊ. दहावी ७५ ला, म्हणजे ही मुलं आठवीत कधी होती? जून १९७२ ते एप्रिल १९७३. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांच्या कानात लगेच घंटा वाजली असेल. बहात्तरचा दुष्काळ! आधीची दोन वर्षंही पाऊस कमीच होता, आणि ७२ ला तर खरीप गेलं, मागोमाग रब्बीही गेलं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारनं जागोजागी दुष्काळी कामं काढली: खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पन्नास लाख. आज आपण ज्याला रोजगार हमी म्हणतो, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ती योजना याच काळात राज्यभर उभी राहिली. तिचा कायदा नंतर १९७७ मध्ये झाला.

मेळाव्यात या वर्षाच्या आठवणी धमाल म्हणून सांगितल्या जात होत्या. अमेरिकेतून आलेला लाल मिलो, त्याच्या भाकरीचा वास, ती थापताना कशी फुटायची. कामावर मिळणारी सुकडी दप्तरात आणून मधल्या सुट्टीत खायची. शाळेतला हौद आटला म्हणून सगळ्यांनी घरून तांब्या आणायचा. एका काकांनी मिलोच्या भाकरीची अशी नक्कल केली की सगळे डोळे पुसत हसत होते. मीही हसले.

तेवढ्यात आजी म्हणाली, "तिचं नाव का नाही घेतलं?"

कोणाचं, असं मॉनिटर काकांनी विचारलं. आजीनं तिच्या बाकावरच्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. पाचवीपासून दोघी एका बाकावर. आठवीत दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. आईबरोबर खडी फोडायला जाऊ लागली होती. कामावर मोठ्यांच्या जोडीला मुलंही असायची, कारण हात जितके जास्त तितकी खडी जास्त. शाळेच्या रस्त्यावरच ते काम होतं. आजी सकाळी तिथून जायची तेव्हा ती मान खाली घालायची, असं आजी म्हणाली. मग आजीनं रस्ता बदलला.

मॉनिटर काका म्हणाले, "पण ताई, ती आपल्या बॅचला नव्हती. आपली बॅच म्हणजे दहावी पंचाहत्तर."

त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या हातातली यादी दहावीच्या हजेरीपटावरून केलेली होती. ग्रुपचं नावही 'दहावी १९७५'. हा ग्रुप २०१७ मध्ये सुरू झाला. आदल्या वर्षी दोन गोष्टी झाल्या होत्या: फेब्रुवारीत व्हॉट्सॲपनं ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ केली, आणि सप्टेंबरमध्ये जिओ आलं. महाराष्ट्रातले किती तरी शाळूसोबती या काळात एकमेकांना सापडले. आजीच्या वर्गातले मुलगे आठवडाभरात गोळा झाले. मुलींना शोधायला दोन वर्षं लागली. नावच बदललेलं, शोधणार कसं? मग भावांना फोन, भावांकडून मेहुण्यांचे नंबर. आजी सगळ्यात शेवटी सापडलेल्यांपैकी.

पण यादीत नावच नसेल तर शोधायचं कुणाला?

इथे मला इतिहासाच्या विद्यार्थिनीसारखं वागायची हुक्की आली. शाळेत हजेरीपट इयत्तेनुसार असतो, पण त्याशिवाय एक जाडजूड जनरल रजिस्टर असतं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येकाची त्यात एक ओळ. दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, आणि शेजारी 'शाळा सोडल्याचे कारण'. तुमच्या दाखल्यावर जे छापलेलं असतं ते यातूनच उतरवलेलं असतं. वर्गातलेच एक काका निवृत्त शिक्षक. त्यांनी सध्याच्या मुख्याध्यापकांना विनंती केली आणि ते रजिस्टर कपाटातून निघालं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली.

त्या दोन वर्षांत नावं कमी झालेल्या मुलामुलींच्या ओळी आम्ही बोटानं वाचत गेलो. कारण काय लिहिलंय? "सतत गैरहजर." पुन्हा "सतत गैरहजर." कुठे "घरगुती अडचण". "दुष्काळ" हा शब्द एकदाही नाही. वाचता वाचता खोलीतला गोंगाट कमी झाला. कुणी म्हणालं, हा तर माझ्या पुढे बसायचा. कुणी म्हणालं, हा इचलकरंजीला मागावर गेला. मिलोची नक्कल करणारे काका चष्मा काढून बसले होते.

आजीच्या मैत्रिणीची ओळ सापडली. तिच्याही पुढे "सतत गैरहजर".

मग ग्रुपच्या नावावरून वाद सुरू झाला. काही जण म्हणाले, ग्रुपला 'आठवी १९७२' नाव द्या, म्हणजे सगळे येतील. काही म्हणाले, जे आपल्याबरोबर परीक्षेला बसलेच नाहीत त्यांना काय वाटेल, उगाच अवघडल्यासारखं होईल. एक मावशी स्पष्ट म्हणाल्या, "अवघडल्यासारखं आपल्याला होईल." जेवण थंड होत होतं म्हणून निर्णय पुढे ढकलला. ग्रुपचं नाव आजही 'दहावी १९७५' आहे.

पण आजीनं पिच्छा सोडला नाही. मैत्रिणीच्या धाकट्या भावाचं गावात पंक्चरचं दुकान होतं असं कळलं, दुकानावरून त्याच्या मुलाचा नंबर मिळाला, आणि दीड महिन्यानंतर ती सापडली. पुण्याजवळ, लेकाकडे. तिच्याकडे स्मार्टफोन नाही, म्हणून तिच्या नातवाचा नंबर ग्रुपमध्ये घातला. त्याचा पहिला मेसेज मला आजीनं दाखवला. त्यात लिहिलं होतं: "नमस्कार, मी त्यांचा नातू. आजी विचारते, रस्ता का बदललास."

आजीला टाइप करता येत नाही. तिनं माझ्याकडून फोन घेतला, व्हॉइस मेसेजचं बटण दाबून धरलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ते रेकॉर्डिंग या भागात नाही. ते मी मागितलंही नाही.